मुंबई ते न्यूअर्क: अंतर एकच, वेळ मात्र रोज वेगळी

काही वर्षांपूर्वी आई पहिल्यांदाच ताईकडे न्यू जर्सीला गेली, ती जानेवारीत. रात्री दीडचं विमान, मुंबईहून थेट न्यूअर्क. तिला सहार विमानतळावर सोडून आम्ही पुण्याला परतलो, थोडं झोपलो, ऑफिसं केली, संध्याकाळचा चहा झाला, आणि तेव्हा कुठे ताईचा फोन आला की आई बाहेर आली. आईने फोन हातात घेतला आणि पहिलं वाक्य तब्येतीचं नव्हतं, सामानाचंही नव्हतं. "अरे, विमान रशियावरून नेलं रे आमचं! अमेरिका पश्चिमेला ना? समोरच्या नकाशात बघत होते, विमान आपलं वर वर चढतंय. आणि सोळा तास झाले तरी उजाडेचना. आता ताई म्हणतेय, येताना दोन तास कमी लागतील. रस्ता तोच, विमान तसलंच, मग असं कसं?"

आई शाळेत गणित शिकवायची. तिला "असंच असतं" म्हणून वाटेला लावता येत नाही आणि लावूही नये. तिला जे समजावलं, तेच इथे जरा सविस्तर लिहितो आहे. घराघरांतली माणसं आता हा प्रवास करतात आणि तिकिटावरची वेळ बघून गोंधळतात.

सुरुवात अंतरापासून. मुंबई विमानतळ ते न्यूअर्क विमानतळ हे सर्वांत जवळचं अंतर सुमारे 12,550 किलोमीटर भरतं. आता भिंतीवरच्या नकाशावर या दोन ठिकाणांना जोडणारी सरळ रेघ ओढा. ती अरबस्तान, इजिप्त, सहारा वाळवंट अशी जाईल आणि अटलांटिक ओलांडून अमेरिकेला भिडेल. ही रेघ डोळ्यांना सरळ दिसते, पण तिची खरी लांबी सुमारे 14,200 किलोमीटर आहे. म्हणजे नकाशावरचा 'सरळ' रस्ता 1,600 किलोमीटरहूनही जास्त लांबचा. विमानाला त्यासाठी जवळपास दोन तास जास्त उडावं लागेल.

हे पटवून घ्यायला घरातला पृथ्वीचा गोल आणि शिवणाचा दोरा पुरे. आईशी व्हिडिओ कॉल चालू असताना मी तेच केलं. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबलं, दुसरं न्यूयॉर्कशेजारी धरलं आणि दोरा ताणला. सैल असताना तो आफ्रिकेवर लोळत होता. ताणत गेलो तसा तो गोलावरून आपोआप वर सरकला आणि एका जागी घट्ट बसला. त्याच्या खाली काय काय आलं ते आईला एकेक वाचून दाखवलं: कंदाहारचा परिसर, तुर्कमेनिस्तान, पश्चिम कझाकस्तान, मग थेट मॉस्कोच्या आसपास, फिनलंड, स्वीडन, आइसलंड, ग्रीनलंडचं दक्षिणेकडचं टोक, तिथून उतरत कॅनडातला लॅब्राडॉर आणि शेवटी न्यूअर्क. मुंबई 19 अंशांवर आणि न्यूअर्क साधारण 41 अंशांवर, पण वाटेत दोरा 65 अंश उत्तरेपर्यंत चढतो. मुंबईतून निघताना त्याची दिशा पश्चिम नसतेच, उत्तरेपासून जेमतेम 27 अंश डावीकडे असते. आईच्या समोरच्या पडद्यावर विमान वर का चढत होतं, ते या दोऱ्यात आहे. ताणलेला दोरा कधी वाकडा जात नाही. गोलावर तोच सरळ रस्ता. भूगोलात याला बृहद्वृत्त म्हणतात आणि वैमानिक ग्रेट सर्कल म्हणतात.

यामागचं कारण असं, की रेखांशांमधलं अंतर सगळीकडे सारखं नसतं. विषुववृत्तावर एक रेखांश म्हणजे 111 किलोमीटर. मुंबईच्या अक्षांशावर तेच 105 होतं. 60 अंश उत्तरेला पोचलात की फक्त 55 किंवा 56 किलोमीटर उरतात. मोसंबीच्या फोडी जशा देठाशी निमुळत्या होत जातात, तसंच. आपल्याला मुंबईहून न्यूअर्कला जायचं म्हणजे 147 रेखांश ओलांडायचे आहेत. मग ते जिथे अरुंद आहेत तिथे जाऊन ओलांडणं स्वस्त पडतं.

भिंतीवरचा नकाशा मात्र हे लपवतो. मोसंबीची साल न फाडता टेबलावर सपाट पसरता येत नाही. पृथ्वीचंही तसंच. गेरार्डस मर्केटरने 1569 मध्ये जो नकाशा काढला, तो खलाशांसाठी होता. होकायंत्राची एकच दिशा धरून जहाज हाकलं तर तो मार्ग या नकाशावर सरळ रेघ दिसावा, हा त्याचा हेतू होता आणि तो त्याने उत्तम साधला. त्याची किंमत म्हणून ध्रुवाकडचे प्रदेश भयंकर फुगले. या नकाशावर ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या 14 पट मोठी आहे. शाळेत आपण हाच नकाशा वर्षानुवर्षं डोळ्यांसमोर ठेवतो, म्हणून विमान रशियावरून गेलं की वळसा घातल्यासारखं वाटतं. प्रत्येक वर्गात एक तरी पृथ्वीचा गोल असावा आणि मुलांच्या हातात असावा, असं मला अगदी मनापासून वाटतं.

आता वेळ. आईने लगेच भागाकार मांडला. लांब पल्ल्याचं मोठं विमान ताशी साधारण 900 किलोमीटरने उडतं, मग 12,550 भागिले 900, म्हणजे 14 तास. तिला 16 का लागले?

इथे शाळेतलंच नावेचं उदाहरण उपयोगी पडतं. संथ पाण्यात नावेचा वेग अमुक, प्रवाहाचा तमुक, प्रवाहाच्या दिशेने जायला किती वेळ आणि विरुद्ध दिशेने किती? आईने ते उदाहरण हजार वेळा फळ्यावर सोडवलं असेल. विमान ही ती नाव आणि हवा ही नदी. ताशी 900 हा विमानाचा हवेतला वेग आहे, जमिनीवरचा नाही. हवा समोरून ताशी 50 ने येत असेल तर जमिनीच्या हिशेबाने विमान 850 ने सरकतं, आणि मागून येत असेल तर 950 ने. 13,000 किलोमीटरच्या प्रवासात जाताना साधारण सव्वापंधरा तास आणि येताना पावणेचौदाच्या आत. फरक तासाहून बराच मोठा.

हा वारा कुठला? साधारण 9 ते 12 किलोमीटर उंचीवर, म्हणजे नेमकी विमानं उडतात तिथेच, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे अरुंद आणि वेगवान प्रवाह असतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. विषुववृत्ताकडची हवा तापलेली, ध्रुवाकडची गारठलेली, त्यामुळे वरच्या थरात हवा ध्रुवाकडे ढकलली जाते. पण खाली पृथ्वी फिरत असल्यामुळे ती उत्तर गोलार्धात उजवीकडे वळते आणि पूर्वेच्या दिशेने धावू लागते. तापमानातली तफावत जितकी जास्त तितका वारा जोरदार. म्हणूनच हिवाळ्यात जेट स्ट्रीम सगळ्यांत बळकट असते. ताशी 150 ते 200 किलोमीटर हे तिच्या दृष्टीने नेहमीचं, 300 च्या वरही जाते. आई जानेवारीत पश्चिमेला निघाली होती, म्हणजे नदीला पूर असताना प्रवाहाविरुद्ध.

या वाऱ्याच्या शोधाची हकिगत फार चटका लावणारी आहे. वासाबुरो ओइशी नावाच्या जपानी हवामानशास्त्रज्ञाने 1920 च्या दशकात तातेनोच्या वेधशाळेतून फुगे आकाशात सोडून, ते कसे वाहत जातात हे मोजून या वाऱ्याची नोंद केली. आपलं काम जगभर वाचलं जावं म्हणून त्याने अहवाल एस्पेरांतो या नव्याने घडवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत छापला. ती भाषा वाचणारेच थोडे, त्यामुळे बाहेरच्या जगाने त्याची दखल घेतली नाही. दुसऱ्या महायुद्धात, 1944 मध्ये, अमेरिकी बी-29 बॉम्बफेकी विमानं जपानवर खूप उंचावरून उडू लागली तेव्हा वैमानिक चक्रावले. अंगावर येणारा वारा एवढा, की विमान जागच्या जागी थबकल्यासारखं वाटे. ओइशीने ते वीसेक वर्षं आधीच मोजून ठेवलं होतं.

वारा पाठीशी असला तर काय होतं, याचं उदाहरण फेब्रुवारी 2020 मधलं. अटलांटिकवर सियारा नावाचं वादळ घोंघावत होतं. ब्रिटिश एअरवेजचं एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला 4 तास 56 मिनिटांत पोचलं. एरवी या प्रवासाला साडेसहा-सात तास लागतात. जमिनीच्या हिशेबाने त्याचा वेग काही काळ ताशी 1,300 किलोमीटरच्या वर गेला होता. पण त्याने ध्वनीची भिंत ओलांडली, म्हणजे ते आवाजाहून वेगाने उडालं, असं नाही, कारण भोवतीच्या हवेत ते नेहमीच्याच वेगाने चाललं होतं. पुरात सापडलेली नाव काठावरच्या झाडांपुढून सुसाट जाते, पाण्याच्या तुलनेत नाही.

याहून बोलकं उदाहरण आपल्याकडचं आहे. एअर इंडियाचं दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून, पश्चिमेच्या बाजूने जायचं. तो मार्ग सुमारे 13,900 किलोमीटरचा. ऑक्टोबर 2016 मध्ये कंपनीने तेच विमान उलट्या बाजूने, पूर्वेकडून पॅसिफिक ओलांडून नेलं. अंतर वाढून 15,300 किलोमीटर झालं आणि वेळ? साडेचौदा तास, एरवीपेक्षा सुमारे दोन तास कमी! भागाकार करून पाहा. सरासरी वेग ताशी 1,050 च्या पुढे जातो. विमानाला तेवढा वेग स्वतःच्या बळावर नाही, वरचा सगळा वाऱ्याचा. मला हे उदाहरण अतिशय आवडतं, कारण 'जवळचा रस्ता' आणि 'लवकरचा रस्ता' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे याहून स्वच्छ कुठेच दिसत नाही.

इथे बाबांनी मध्येच एक शंका काढली, जी खूप जणांच्या मनात असते. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. मुंबईच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे 1,580 किलोमीटरने फिरते आहे. मग विमान नुसतं वर उडून थांबलं तरी अमेरिका आपोआप खाली यायला नको का?

नाही येत, कारण हवाही पृथ्वीबरोबरच फिरते आणि जमिनीवर उभं असलेलं विमानही. डेक्कन क्वीन आठवा. गाडी घाटाखाली उतरून भरधाव धावत असते आणि कटलेटची ताटली घेतलेला माणूस डब्यातून इंजिनाच्या दिशेने येवो नाहीतर उलट दिशेने जावो, त्याला सारखीच पावलं टाकावी लागतात. ताटली हातातून सुटली तर त्याच्याच पायाशी पडते, मागच्या डब्यात जाऊन पडत नाही. विमान आणि वातावरण हे असे एकाच गाडीत बसलेले आहेत. पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम प्रवासाच्या वेळेवर होतो, पण तो जेट स्ट्रीमच्या वाटेने, सरळ नव्हे.

आता राहिला आकाशातल्या सीमांचा प्रश्न. ताणलेला दोरा जिथून जातो तिथून विमानाला जाता येईलच असं नाही, कारण खाली जेवढे देश तेवढ्या परवानग्या. फेब्रुवारी 2019 च्या अखेरीस पाकिस्तानने आपलं हवाई क्षेत्र बंद केलं, ते जुलैच्या मध्यापर्यंत. पुढे एप्रिल 2025 मध्ये पुन्हा भारतीय विमानांना बंदी झाली आणि भारतानेही पाकिस्तानी विमानांना मनाई केली. अशा वेळी दिल्लीच्या विमानांचे हाल जास्त होतात, कारण त्यांना आधी गुजरातकडे खाली यावं लागतं. मुंबई किनाऱ्यावर असल्याने विमान अरबी समुद्रावरून ओमानकडे निघू शकतं, म्हणून वळसा त्या मानाने लहान. फेब्रुवारी 2022 मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यावर रशियाचं आकाश युरोप-अमेरिकेच्या विमानांना बंद झालं, भारतीय विमानांना खुलं राहिलं. त्यामुळे तेच दोन विमानतळ, पण कंपनी बदलली की मार्ग बदलला आणि वेळही बदलली. एका अमेरिकी कंपनीने तर मार्च 2022 मध्ये आपलं मुंबई–न्यूअर्क उड्डाण काही काळ थांबवलंच.

वळसा म्हणजे नुसता वेळ नाही, वजनही. आईचं विमान ज्या जातीचं होतं त्या बोइंग 777-300 ईआरमध्ये भरून भरून सुमारे 145 टन इंधन मावतं आणि उड्डाणाच्या वेळी सगळं मिळून त्याचं वजन 351 टनांपर्यंत असू शकतं. शेवटच्या तासाला लागणारं इंधन पहिले पंधरा तास वाहून न्यावं लागतं आणि ते वाहून नेण्यासाठीही इंधन जळतं. समोरून वारा फारच असेल आणि वळसाही असेल, तर कधी माल उतरवावा लागतो, कधी वाटेत उतरून इंधन घ्यावं लागतं.

म्हणून रोजचा मार्ग रोज ठरतो. कंपनीचे डिस्पॅचर उड्डाणाच्या काही तास आधी वरच्या वाऱ्याचे अंदाज मांडतात, बंद असलेली क्षेत्रं वगळतात, वाटेत गरज पडल्यास उतरता येतील असे विमानतळ नक्की करतात आणि मग दोरा नव्याने ताणतात. अटलांटिकवर तर कॅनडातलं गँडर आणि ब्रिटनच्या बाजूचं शॅनविक ही नियंत्रण केंद्रं दर दिवशी वाऱ्याप्रमाणे सामायिक मार्ग आखून देत आली आहेत. दिवसा पश्चिमेकडे जाणाऱ्यांसाठी वारा चुकवणारे, रात्री पूर्वेकडे येणाऱ्यांसाठी वारा पकडणारे. आई ज्या वाटेने गेली त्याच वाटेने परत येईल, हे तिचं गृहीतच चुकीचं होतं.

उरला उजाडण्याचा प्रश्न. पृथ्वीच्या फिरण्याचा वेग 60 अंश उत्तरेला ताशी साधारण 835 किलोमीटर इतकाच राहतो आणि विमान पश्चिमेला 850 ते 900 ने चाललेलं असतं. म्हणजे पृथ्वी तुम्हाला जितक्या वेगाने उजेडाकडे नेते, जवळजवळ तितक्याच वेगाने विमान तुम्हाला मागे अंधारात नेत राहतं. जानेवारीत तिथल्या रात्री आधीच लांब. आई रात्री दीडला निघाली आणि आइसलंडजवळ पोचली तेव्हाही तिथे पहाट व्हायची होती. न्यूअर्कला उतरताना साडेसातला तिला सूर्य दिसला. तिच्या आयुष्यातली ती सगळ्यात मोठी रात्र.

घरच्यांसाठी एक हिशेब सांगतो, तो पाठ करून ठेवा. तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात. रात्री 1:30 ला मुंबई सोडली, त्याच तारखेला सकाळी 7:30 ला न्यूअर्क, असं लिहिलेलं असलं की सहा तासांचा प्रवास वाटतो. दुसरी वेळ भारतीय करून घ्या. हिवाळ्यात न्यू जर्सी आपल्या साडेदहा तास मागे असते, म्हणून 7:30 म्हणजे आपले संध्याकाळचे 6. दीडपासून सहापर्यंत साडेसोळा तास. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेत घड्याळं एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे, त्यामुळे उन्हाळ्यात हा फरक साडेनऊच राहतो. ही साडेसोळा तासांची वेळ निव्वळ उडण्याची नसते. दारापासून विमान ढकललं जातं तिथपासून ते पलीकडच्या दाराला लागेपर्यंतची असते. धावपट्टीकडे जाण्याची रांग, चढण्या-उतरण्यातला सावकाशपणा आणि कंपनीने हाताशी ठेवलेली थोडी सवड, सगळं त्यात आलं. मुंबईला दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. रात्रीच्या गर्दीत तिथे अर्धा तास सहज जातो.

बाळाचं बारसं करून आई मार्चअखेर परत निघाली. तिकिटाप्रमाणे तिला रात्री नऊला मुंबईत उतरायचं होतं. आम्ही हिशेब केला, उतरून सामान घेऊन बाहेर यायला तास-सव्वातास, म्हणजे दहाला पोचलं तरी चालेल. बाबांनी आणि मी पुण्याहून आरामात गाडी काढली. आठ वाजून दहा मिनिटांनी बाबांचा फोन वाजला. आई सामानाच्या पट्ट्याजवळ उभी होती. "प्रवाहाच्या दिशेने आले रे," ती म्हणाली, "कुठपर्यंत आलात?" आम्ही खालापूरच्या टोलनाक्यावर होतो.